पडशीत मावेल असा वाटाड्या

(पायी वारीला प्रथमच निघू इच्छिणाऱ्या, पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील बंधू-भगिनींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

 

आपण ज्या भागात राहतो, त्या भागाचे भाग्य काही वेगळेच आहे. इंद्रायणीच्या दक्षिणेला पिंपरी, चिंचवड, भोसरी. उत्तरेला म्हाळुंगे, चाकण. दोन्ही तीरांवर कारखान्यांचे भोंगे आणि तीन पाळ्यांची धावपळ. आणि याच नदीच्या काठी देहू आणि आळंदी. दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून जगद्गुरू तुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी प्रस्थान ठेवते. उभा महाराष्ट्र ज्या वाटेसाठी लांबून येतो, ती वाट आपल्या घरापासून सुरू होते. असे असूनही आपल्यापैकी कित्येकांनी आजवर निगडीला किंवा दिघीला रस्त्याच्या कडेला उभे राहून पालखीचे दर्शन घेतले आणि पुन्हा पाळी गाठली. यंदा तुम्ही चालायचे ठरवले आहे, याचे मनापासून स्वागत.

वारीची माहिती घ्यायला येणारे नवखे लोक एक प्रश्न हमखास विचारतात : "बरोबर कोणते पुस्तक घेऊ? वाटेची माहिती देणारे चांगले मार्गदर्शक पुस्तक सांगा." वरकरणी हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु चालणाऱ्याच्या खांद्याचा, वेळेचा आणि पुष्कळदा सुरक्षिततेचाही तो प्रश्न आहे. म्हणून आज वारीच्या माहात्म्यावर न बोलता केवळ याच विषयावर बोलणार आहे. लांबच्या पायी यात्रेत वाटाड्या कोणता घ्यावा, किती वजनाचा घ्यावा, आणि त्यात काय असावे?

वजनाचा हिशेब

आपण कारखान्यात काम करणारी माणसे आहोत, आकड्यांत बोलू. नेहमीच्या ए-फोर आकाराच्या एका कोऱ्या कागदाचे वजन सुमारे ५ ग्रॅम असते. त्याच्या निम्म्या आकाराच्या चारशे पानांच्या पुस्तकात दोनशे पत्रे असतात. म्हणजे पुठ्ठा सोडून अर्धा किलो वजन झाले. अर्धा किलो म्हणजे काहीच नाही, असे घरी बसून वाटते. पण आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची आहे. पुणे ते सासवड ही एका दिवसाची चाल तीस किलोमीटरच्या आसपास असून त्यात दिवे घाटाची चढण येते. त्या चढणीवर पाण्याची बाटली, घोंगडी किंवा पावसाचा कागद, बदलायचे कपडे आणि औषधे यांच्या जोडीला जे काही असेल, ते प्रत्येक पावलाला आपली किंमत मागते. लांब पल्ल्याच्या पदयात्रींमध्ये एक ढोबळ नियम मानतात की, पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. साठ किलोच्या माणसाला सहा किलो! त्यात अर्धा किलो पुस्तकाला द्यायचा का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

काहीजण म्हणतील, "पुस्तक कशाला हवे? भ्रमणध्वनी आहे ना!" भ्रमणध्वनी अवश्य न्यावा. पालखी या घटकेला कोठे आहे, हे त्यावर पाहण्याची सोयही अलीकडच्या वर्षांत झाली आहे. परंतु लाखो माणसे एका गावात उतरतात तेव्हा संपर्कयंत्रणेवर ताण येतो, पावसात यंत्र भिजते आणि मुक्कामी विजेच्या एका खटक्यापाशी वीस जण रांगेत उभे असतात. यंत्र बंद पडले की त्यातील सर्व माहितीही त्याच्याबरोबर बंद पडते. ज्या माहितीवाचून आपण अडू, ती माहिती कागदावर असलीच पाहिजे.

वाटाड्या ग्रंथांची परंपरा

यात्रेकरूसाठी माहिती लिहून ठेवणे ही काही आजची कल्पना नव्हे. महानुभाव पंथात 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथ आहे; तो चौदाव्या शतकातील मानला जातो. श्रीचक्रधर स्वामींनी जेथे जेथे वास्तव्य केले, त्या स्थानांची नोंद त्यात आहे. गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, तेथून दुसरे स्थान कोणीकडे, अशी नेमकी, मोजकी माहिती! सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला वाटसरूची गरज किती अचूक कळली होती, हे पाहून अभिमान वाटतो.

जगातही हेच दिसते. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेसाठी बाराव्या शतकात लॅटिन भाषेत जी मार्गदर्शिका लिहिली गेली, तिच्यात रोजच्या मजला तर आहेतच; शिवाय वाटेवरील कोणत्या नदीचे पाणी प्यावे आणि कोणत्या नदीचे पिऊ नये, हेही सांगितले आहे. जपानमधील शिकोकू बेटावर ८८ देवळांची सुमारे बाराशे किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. तिची मार्गदर्शिका शिन्नेन नावाच्या भिक्षूने १६८७ मध्ये छापून प्रसिद्ध केली. देश वेगळे, धर्म वेगळे. पण उपयोगी पडलेल्या ग्रंथांचा स्वभाव एकच. पुढचा मुक्काम कोठे, पाणी कोठे, धोका कोठे, ही माहिती त्यांनी प्रथम दिली.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्याकडे नर्मदा परिक्रमेवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' वाचून घराबाहेर पडलेले कित्येक लोक आहेत. परंतु अनुभवकथन हे प्रेरणेसाठी असते. त्याला वाटेचा नकाशा समजून चालले की घोटाळा होतो. सरदार सरोवराच्या जलाशयाने शूलपाणी झाडीतील जुन्या वाटांचा फार मोठा भाग पाण्याखाली घेतला. धरणाची पूर्ण उंची २०१७ मध्ये वापरात आली. त्यापूर्वीच्या पुस्तकातील काठाकाठाची वाट आज पायांखाली सापडणार नाही. पुस्तकाचे त्यात काही चुकले नाही; ते आपल्या काळाशी प्रामाणिक होते. वाट बदलली आहे, एवढेच.

आपल्या वारीच्या वाटेचेही तसेच आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास पंतप्रधानांच्या हस्ते झाला आणि मार्गाचे रूप पालटू लागले. रस्ता रुंद झाला. त्याचबरोबर अनेक जुनी सावली देणारी झाडे गेली आणि नवी अजून वाढायची आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकात 'वडाखाली विसावा' असे लिहिले असेल, तर तो वड अजून उभा आहे की नाही, हे चौकशी केल्यावाचून सांगता येणार नाही.

तीन वाटण्या

मग करायचे काय? माझे म्हणणे असे की, वारीविषयीच्या सर्व माहितीच्या तीन वाटण्या कराव्यात. पहिली, घरी वाचण्याची. दुसरी, सोबत नेण्याची. तिसरी, वाटेत विचारून घेण्याची. या तिन्हींची सरमिसळ केली की पडशी जड होते आणि ऐन वेळी हवी ती गोष्ट सापडत नाही.

घरी वाचण्यासारखे पुष्कळ आहे. द. बा. मोकाशी यांचे 'पालखी' हे १९६४ चे पुस्तक आहे. एक चौकस, संवेदनशील लेखक वारीबरोबर चालला आणि त्याने जे पाहिले ते लिहिले. इरावतीबाई कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख जरूर वाचावा. एका दिंडीत राहूनही जातीजातींचे वेगळे राहणे, वेगळे जेवणे त्यांना कसे बोचले, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. वारीचे केवळ गोडवे ऐकून निघण्यापेक्षा असे परखड लेखन वाचून निघणारा वारकरी अधिक जबाबदार असतो. नारायण महाराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पालखी कशी सुरू केली, हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप कसे दिले, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व का येतात, हे सारे प्रस्थानापूर्वीच्या महिन्यात वाचून काढावे. ते डोक्यात न्यावे. डोक्यातील ज्ञानाला वजन नसते.

सोबत न्यायच्या वाटणीसाठी तुम्हाला तुमच्याच कारखान्याचे उदाहरण देतो. यंत्राचे जाडजूड मॅन्युअल कोठे असते? कपाटात. आणि यंत्रावर काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय टांगलेले असते? एकच पान! कामाचा क्रम, मापे, धोक्याची खूण, अडचण आली तर कोणाला बोलवायचे त्याचे नाव. मॅन्युअल लिहिणारा मूर्ख नसतो आणि ते एक पान लिहिणाराही काही कमी शिकलेला नसतो. उलट, काय गाळायचे हे कळण्यासाठीच अधिक अनुभव लागतो. वारीचा वाटाड्या असा एका पानाचा असावा.

त्या पानावर काय असावे?

पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची. पालखी कोणती, दिंडीचा क्रमांक काय, आणि दिंडी रथापुढे की रथामागे? माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणजे पंधरा क्रमांकाची दिंडी रथापुढेही आहे आणि रथामागेही. एखाद्या आजी गर्दीत मागे पडल्या आणि त्यांना केवळ 'पंधरा नंबर' एवढेच ठाऊक असले, तर मदत करणारा भला माणूसही त्यांना चुकीच्या ठिकाणी नेऊन पोहोचवील. 'रथामागे' हा एक शब्द त्या माउलीची रात्र वाचवतो.

'पालखी कोणती' हा शब्दही तितकाच मोलाचा आहे. तुकोबारायांची पालखी देहूहून आकुर्डीला येते, माउलींची आळंदीहून थेट पुण्याला. दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री राहतात आणि एकाच दिवशी सकाळी निघतात. हडपसरला वाटा फुटतात. तुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे, तर माउलींची दिवे घाटाने सासवडकडे जाते. त्यानंतर दोन्ही सोहळे एकत्र येतात ते थेट पंढरपूरजवळ वाखरीला. नवखा माणूस हडपसरच्या गर्दीत कोणाच्या तरी मागे चालत राहिला, तर संध्याकाळी तो भलत्याच गावात असतो. तुमच्या पानावर हडपसरसमोर ठळक खूण असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, मुक्कामांचा तक्ता. तिथी, तारीख, निघण्याची वेळ, दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम. माउलींच्या वाटेवर पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. तुकोबारायांच्या वाटेवर आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी. ही नावे वर्षानुवर्षे जवळपास तीच असली, तरी तारखा बदलतात. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. शिवाय तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की वाटेतील मुक्काम एखाद्या दिवसाने कमी-अधिक होतो. म्हणून तक्ता त्याच वर्षीचा आणि देहू किंवा आळंदी संस्थानाने प्रसिद्ध केलेल्या वेळापत्रकावरूनच उतरवून घेतलेला असावा. गतवर्षीचे छापील पान कोणी प्रेमाने दिले, तर नमस्कार करून घ्यावे आणि घरी ठेवावे.

तिसरी गोष्ट, धोक्याच्या जागा. दिवे घाटात नोव्हेंबर २०१९ मध्ये आळंदीकडे येणाऱ्या दिंडीत एक अवजड यंत्र शिरले आणि वारकऱ्यांचे बळी गेले, हे आपण विसरलेलो नाही. घाट, नदीवरील पूल, महामार्ग ओलांडण्याच्या जागा यांच्यासमोर खूण करावी आणि तेथे दिंडीची ओळ सोडायची नाही, हा नियम पाळावा.

चौथी गोष्ट, परतीची वाट. हिचा विचार कोणी करत नाही, कारण परत येण्याचे बोलणे अशुभ वाटते. परंतु आपल्यातील अनेकांना चारच दिवसांची रजा आहे आणि कोणाची प्रकृतीही बिघडू शकते. जेजुरी, वाल्हे, नीरा आणि लोणंद ही पुणे-मिरज मार्गावरची रेल्वे स्थानके आहेत. लोणी आणि यवत ही पुणे-दौंड मार्गावरची आहेत. एस.टी. तर सर्वत्र आहे. ज्या मुक्कामाहून सहज परतता येते, त्याच्यासमोर छोटी खूण केली, की रजा संपल्यावर किंवा ताप आल्यावर माणूस गोंधळत नाही. चार दिवसांची वारी ही अर्धवट वारी आहे, असे कोणी समजू नये. सेवा जेवढी घडली तेवढी पूर्णच असते.

पाचवी गोष्ट, स्वतःविषयी चार ओळी. नाव, रक्तगट, नेहमीची औषधे, दिंडीप्रमुखांचा आणि घरचा दूरध्वनी क्रमांक. एवढे लिहून कागद दुमडून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. अक्षर मोठे असावे. चष्मा पावसाने भिजल्यावरही ते वाचता आले पाहिजे. शाईच्या पेनाने लिहू नये.

या पानाच्या जोडीला हरिपाठाची छोटी पुस्तिका किंवा भजनी मालिका न्यायची असेल, तर अवश्य न्यावी. ती अर्ध्या किलोची नसते आणि ती वाचून बाजूला ठेवायची वस्तूही नव्हे. किंबहुना, वारीतील अभंगांचा क्रम हाच एक वाटाड्या आहे. पहाटेचा काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वाराचे अभंग, सायंकाळी हरिपाठ. जुना वारकरी घड्याळ पाहत नाही. टाळकरी काय गात आहेत हे ऐकून तो दिवस किती चढला, हे सांगतो.

उरलेले विचारून घ्यावे

आता तिसरी वाटणी. पाय सोलवटले तर काय लावावे, आंघोळीला पाणी कोठे मिळेल, उद्या पाऊस कसा असेल, कोणत्या गावात कोणाकडे पिठलं-भाकरीची पंगत असते, हे कोणत्याही पुस्तकात लिहू नये आणि शोधूही नये. ते शेजारी चालणाऱ्या माणसाला विचारावे. तीस वर्षे वारी करणारा शेतकरी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मावशी, वीणेकरी बुवा, दिंडीच्या मालट्रकवरचा पोरगा, हे सारे आपले वाटाडे आहेत. कारखान्यात हाताखाली पन्नास माणसे असलेल्या साहेबाने एखाद्या निरक्षर आजीला "माउली, पुढचा विसावा कोठे?" असे विचारावे, यात वारीचे फार मोठे शिक्षण आहे. पुस्तकात डोके खुपसून चालणारा या शिक्षणाला मुकतो. ज्याच्याजवळ सर्व उत्तरे लिहिलेली असतात, त्याला कोणाशी बोलण्याचे कारण उरत नाही. समरसता व्याख्यानांनी येते त्यापेक्षा अशा प्रश्नोत्तरांनी लवकर येते.

या व्यवस्थेची परिपूर्णता पाहायची असेल, तर माउलींच्या मुक्कामी संध्याकाळच्या समाजआरतीला उभे राहावे. सर्व दिंड्या टाळ वाजवीत गोलाकार उभ्या असतात. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते. मग आरती. कोणताही छापील ग्रंथ इतका ताजा असू शकत नाही. तेथे ऐकलेली वेळ आपल्या पानावरच्या वेळेहून वेगळी असेल, तर पान खोडावे आणि चोपदारांचे ऐकावे. चांगल्या वाटाड्या-पानाला खोडायला थोडी मोकळी जागा ठेवलेली असते.

दुसरी प्रत घरी

शेवटची सूचना. त्या पानाच्या दोन प्रती कराव्यात. दुसरी प्रत घरी, स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी लावावी. तुम्ही वाल्ह्याला असाल तेव्हा आई ते पान पाहून म्हणेल, "आज वाल्हे, आज चाल थोडीच, बरे झाले." मुले रोज एकेका गावावर खूण करतील, नकाशात ते गाव शोधतील. फोन लागला नाही तरी घर घाबरणार नाही, कारण आज रात्री कोठे विचारायचे, कोणत्या दिंडीला विचारायचे, हे भिंतीवर लिहिलेले आहे. एकटा चालणारा आणि घरी राहिलेली चार माणसे, अशी सारीच मग वारीत असतात. थोड्या पैशांत, पाच ग्रॅम वजनात एवढे साधत असेल, तर आणखी काय हवे?

प्रस्थानाला अवकाश आहे तोवर एक सराव करून पाहावा. चिंचवडच्या मोरया गोसावींची मोरगावची वारी प्रसिद्धच आहे. ते आपल्या गावचे आद्य पदयात्री. सुट्टीच्या दिवशी आपल्या घरापासून देहूपर्यंत किंवा चाकणहून आळंदीपर्यंत पायी चालावे. जाताना पडशीत जे जे नेणार ते सर्व भरावे. परतल्यावर एकेक वस्तू बाहेर काढून स्वतःला विचारावे की, हिचा उपयोग झाला का? जी उपयोगी पडली नाही, ती काढून टाकावी. शेवटी तो दुमडलेला कागद उरेल. तो मात्र ठेवावा.

आपल्या सर्वांची वाटचाल सुखरूप होवो, ही पांडुरंगचरणी प्रार्थना. रामकृष्ण हरी!